चौथ्या ओळीतली टिक

कारखान्यात त्यांना कानसेन म्हणत. गाण्याशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. लेक तान्ही असताना त्यांनी एकदाच अंगाई म्हटली होती आणि ती दचकून जागी झाली होती. त्यांचे कान होते ते इंजिनांसाठी.

देशात मोटारी बनवणारा कारखाना एकच, आणि तोही बेताचाच. वर्षाला आठ हजार गाड्या. पत्रा, दारं, काचा, आसनं, रंग, सगळं घरचं. इंजिन मात्र परदेशातून खोक्यात बसून येई. घर आपलं, चूल आपली, विस्तव तेवढा शेजारचा, असा तो संसार होता.

खोकं फोडलं की इंजिन चाचणीच्या स्टँडवर चढायचं. कानसेन ते चालू करत, हात पाठीमागे बांधून दहा मिनिटं ऐकत, पत्रकातल्या पाच ओळींपुढे पाच खुणा करत आणि खाली ‘योग्य’ असं लिहून सही करत. दिवसाला सत्तावीस इंजिनं. तेहतीस वर्षांत अडीच लाखांवर इंजिनं त्यांनी ऐकली, आणि त्यांतलं एकही नापास झालं नाही. कुणाला यात वावगं वाटत नसे. मोठे साहेब तर पाहुण्यांना अभिमानाने सांगत, “एकही नापास नाही! यावरून तपासणी किती कडक आहे ते बघा.”

त्या पाच ओळीही कानसेनांच्याच होत्या. नोकरीचा तिसरा दिवस, वय चोवीस. पहिलं खोकं आलं तेव्हा त्या वेळच्या साहेबांनी कोरा कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, “काय ऐकू येतं ते लिही.” त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं. चौथी ओळ अशी होती: ‘मंद गतीवर घड्याळासारखी बारीक टिक ऐकू यावी.’ संध्याकाळी तो कागद टाइप झाला, आठवड्याने त्यावर शिक्का बसला, आणि वर्ष उलटायच्या आत सरकारने तो नियम म्हणून छापला. तेव्हापासून देशातल्या प्रत्येक इंजिनावर टिक करण्याचं कायदेशीर बंधन होतं.

ही टिक येते कुठून, हे पाहायची मात्र सोय नव्हती. सील तोडायचं नाही, असं करारात होतं. आमच्या इंजिनासाठी दिलेल्या स्टँडवर दुसरं इंजिन चढवायचं नाही, असंही होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. मग तर्क लढत. एका प्राध्यापकांनी त्या टिकेवर दोनशे पानांचा प्रबंध लिहिला आणि पदवी मिळवली. गाडीत बसल्यावर टिक ऐकू येत नसे, त्याचं श्रेय आपल्या बॉनेटला मिळे.

मार्चच्या चार तारखेला, मंगळवारी सकाळी, परदेशी कंपनीचं दीड ओळीचं पत्र आलं. तुम्ही घेता ते इंजिन आम्ही वर्षअखेर बंद करत आहोत. कळावे.

कारखान्यात एकच गिल्ला झाला. आता दुसऱ्या परदेशी कंपनीच्या दारात जायचं, की स्वतःचं इंजिन करायचं? साहेबांनी सभा घेतली. “थोडक्यात सांगतो,” असं म्हणून ते एक तास चाळीस मिनिटं बोलले, पण त्यांचं मत कुठलं ते कुणालाच कळलं नाही. मग इतर बोलले.

“पेलाभर दुधासाठी म्हैस कोण बांधतं दारात?” खरेदीवाले म्हणाले. “आठ हजार गाड्या म्हणजे किस झाड की पत्ती! तिकडचे लोक चहा प्यायला उठतात तेवढ्यात आठ हजार करतात. तयार घ्या आणि मोकळे व्हा.”

“आणि त्यानेही उद्या दीड ओळ लिहिली तर?” ओतशाळेतले दादा उसळले. “किती दिवस दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी प्यायचं? त्याने हात काढला की आपण आ वासून बसायचं!”

“स्वतःचं केलंत आणि ते बिघडलं, तर शिव्या कुणाला घालणार?”

“स्वतःलाच! त्यातही एक समाधान असतं.”

कानसेन मागच्या बाकावर बसले होते. म्हैस की ओंजळ, यात त्यांना रस नव्हता. त्यांच्या डोळ्यांपुढे कारखान्याच्या मागच्या बाजूचं रंगाचं जुनं कोठार होतं. तिथे सात माणसं अकरा वर्षं देशाचं पहिलं इंजिन बनवत होती, आणि त्या सातांची मुख्य होती त्यांची एकुलती एक लेक.

लेकीचं इंजिन उत्तम चालायचं. फक्त ते टिक करत नसे. करारामुळे त्या स्टँडवर ते चढवता येत नव्हतं, म्हणून तीन वेळा त्याची तपासणी कोठारातच झाली आणि तीनही वेळा खुद्द बापाने चौथ्या ओळीपुढे फुली मारून त्याला नापास केलं. घरी लेक दोन-दोन आठवडे बापाशी बोलली नाही. “नियम म्हणजे नियम,” एवढंच ते म्हणत. अखेर लेकीनेही मान तुकवली. परदेशी इंजिन वर्षानुवर्षं टिकतं, त्याची खरी गोम त्या टिकेतच असणार, असं मानून त्या सात जणांनी चार वर्षं खपून इंजिनाच्या आत पोलादाची एक लहानशी नखी बसवली. ती फिरताना हलकेच आपटे आणि टिक वाजे. इंजिन पाच ओळींत बसलं. पण एकशे चाळीस तास झाले की नखीचा कपचा उडे, तो तेलात जाई आणि इंजिन ठप्प होई.

आता सरकारने समिती नेमली. पंचवीस मार्चला समिती येणार. तोवर लेकीचं इंजिन सलग दोनशे तास चाललं पाहिजे आणि पाच ओळींत पासही झालं पाहिजे. नाही झालं तर दुसऱ्या परदेशी कंपनीशी करार, आणि कोठार पुन्हा रंगाचं. नखी ठेवली तर दोनशे तास होत नाहीत, काढली तर चौथी ओळ अडते. इकडे आड, तिकडे विहीर.

या सगळ्यात कानसेनांचं एक गुपित होतं, आणि ते फक्त त्यांच्या बायकोला ठाऊक होतं. त्यांना ऐकू येत नव्हतं.

ऐकणं एकदम गेलं नाही. आधी पाखरं गेली, मग दाराची घंटा, मग बायको. कारखान्यात सगळेच ओरडून बोलत, त्यामुळे तिथे निभावून जाई. समोरचा जवळ येऊन बोलला तर त्याच्या ओठांवरूनही बरंच कळे. निवृत्तीला वर्ष उरलं होतं. कानसेन बहिरा झाला, हे हसं त्यांना जाताना पदरात नको होतं. शिवाय ओळींपुढे खुणा करायला त्यांना कान लागतच नव्हते. अडीच लाख इंजिनांनी टिक केली, पुढचं कशाला नाही करणार?

घरात बायकोने उपाय शोधला होता. एके दिवशी तिने लांब दांड्याचा लाकडी चमचा घेतला, एक टोक नवऱ्याच्या दातांत दिलं, दुसरं स्वतःच्या गळ्याला लावलं आणि म्हणाली, “आंघोळीचा टॉवेल पलंगावर टाकत जाऊ नका.” कानसेनांना शब्द न् शब्द कळला. कवटीतून सरळ आत आला. तेव्हापासून महत्त्वाचं बोलणं चमच्यावरून होई, आणि बायकोच्या मते तिचं सगळंच बोलणं महत्त्वाचं होतं.

त्यावरून त्यांना युक्ती सुचली. दहा मार्च, सोमवार. ते कामावर लांब पेचकस घेऊन गेले. परदेशी इंजिनात ती टिक नेमकी कुठून येते एवढं जरी कळलं तरी लेकीला सांगता येईल, ही आशा. पेचकसाची मूठ दातांत धरायची आणि टोक इंजिनाला टेकवायचं. जिथे टेकवावं तिथलाच आवाज आत येई, बाकी सगळं चिडीचूप. सकाळपासून दहा इंजिनं त्यांनी अशी पोटापासून पाठीपर्यंत तपासली. खरखर होती, घुमघुम होती, झडपांची कुजबुज होती. टिक नव्हती.

अकराव्या इंजिनाच्या वेळी मान अवघडली म्हणून ते जरा वळले, तसा पेचकस घसरून मागच्या पंख्याच्या पत्र्याच्या जाळीला लागला. टिक. दातांतून थेट डोक्यात. टिक, टिक, टिक.

पंखा इंजिनाचा नव्हता, स्टँडचा होता. जाळी स्टँडची होती. जाळीचा खालचा बोल्ट अर्धा आटा सैल होता आणि बहुधा स्टँड उभा राहिल्या दिवसापासून तसाच होता. कानसेनांनी जाळीवर तळवा दाबला. टिक गेली. हात उचलला. टिक आली. कान शाबूत होते तोवर ती खोलीभर घुमायची, चहूकडून यायची. इंजिन मोठं, आवाज इंजिनाचाच असणार. कान गेले तेव्हा कुठे ती एका जागी सापडली.

ते स्टुलावर बसले. त्या दिवशीची उरलेली सोळा इंजिनं त्यांनी पास केली.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. तिने शांतपणे चमचा आणला.

“म्हणजे अहो, तेहतीस वर्षं तुम्ही जाळी ऐकत होतात?”

“हो.”

“आणि पोरीला जाळीपायी तीनदा नापास केलंत?”

“हो गं.”

“मग आता तोंडाला कुलूप लावून बसणार आहात का?”

“सांगितलं तर विचारतील, आताच कसं कळलं? मग कानांचं सांगावं लागेल. एका दमात दोन्ही जाणार, नाव आणि नोकरी. लोक काय म्हणतील?”

“काय म्हणायचं ते म्हणू देत. तुम्हाला कुठे ऐकू येणार आहे?” बायको म्हणाली आणि चमचा घेऊन आमटीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी डबा खायच्या सुट्टीत ते कोठारात गेले आणि लेकीला गाठलं. लेक ऐकता ऐकता हसायला लागली. हसता हसता खाली बसली. मग नुसतीच बसून राहिली.

“चार वर्षं, बाबा,” ती त्यांच्या तोंडासमोर येऊन म्हणाली. “चार वर्षं मी एका सैल बोल्टची नक्कल करत होते.”

“नखी काढून टाक.”

“काढते. दोनशे तास सहज चालेल. पण मग चौथी ओळ?”

“ती मी लिहिली आहे. मी बघतो.”

“कानांचं सांगावं लागेल, बाबा.”

त्यांनी चमकून पाहिलं. “तुला कसं ठाऊक?”

“तीन महिन्यांपूर्वी मी जेवताना तुम्हाला ‘हट्टी’ म्हटलं, तर तुम्ही ‘थोडं वाढ’ म्हणालात.”

लेकीने नखी काढली. तेरा तारखेला सकाळी साडेआठला इंजिन सुरू झालं आणि एकवीस तारखेला दुपारी साडेचारला दोनशे तास पुरे करून, चांगलं चालत असतानाच, बंद केलं गेलं. सात जणांनी एकमेकांकडे पाहिलं. टाळी वाजवायची हिंमत कुणाची झाली नाही.

पंचवीसला समिती आली. अध्यक्षा एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांना मोटारींतलं काहीच कळत नव्हतं, म्हणून त्या निःपक्षपाती, असं सरकारचं मत होतं. त्यांच्यामागे साहेब, साहेबांमागे खरेदीवाले, आणि खरेदीवाल्यांच्या हातात दुसऱ्या परदेशी कंपनीचा करार, सहीसाठी पेनासकट.

कोठारात लेकीचं इंजिन मंद गतीवर चाललं होतं. कानसेनांनी पेचकस दातांत धरला. लोकांना वाटलं, ही त्यांची काही खास पद्धत असावी. पहिली ओळ, खूण. दुसरी, खूण. तिसरी, खूण. चौथ्या ओळीशी पेन थांबलं.

“टिक नाही,” ते म्हणाले.

खरेदीवाल्यांनी पेनाचं टोपण काढलं.

“पण ती कुठल्याच इंजिनात नाही,” कानसेन म्हणाले. “माझ्याबरोबर चला.”

सगळी वरात चाचणीच्या खोलीत गेली. त्यांनी परदेशी इंजिन चालू केलं. टिक, टिक. जाळीवर हात ठेवला. शांत. उचलला. टिक. मग अध्यक्षाबाई पुढे झाल्या, पदर खोचून त्यांनी स्वतः जाळी दाबली, सोडली, पुन्हा दाबली. त्यांना ते फार आवडलेलं दिसलं. मग प्रत्येक सभासदाला एकदा हात लावून पाहायचा होता, त्यामुळे रांग लागली.

“थोडक्यात,” साहेब म्हणाले, “म्हणजे, अडीच लाख इंजिनं नापास?”

“नियमाप्रमाणे, हो,” त्यांच्या ओठांकडे बघत कानसेन म्हणाले.

“ती सगळी रस्त्यावर आहेत हो!”

“चालताहेत ना?” ओतशाळेतले दादा दारातून म्हणाले.

“चालताहेत, पण बेकायदा!”

एका सभासदाने सुचवलं की प्रत्येक गाडीला मागाहून एकेक सैल जाळी पुरवावी. दुसऱ्याने विचारलं की जाळी देशी असेल की आयात करायची. तिसरे म्हणाले, तेहतीस वर्षांत या इंजिनांत आपलं म्हणावं असं एकच होतं, ती टिक, आणि आज तीही गेली. त्यांना खरोखरच वाईट वाटलं असावं. त्यांनी चष्मा पुसला.

अध्यक्षाबाईंनी हात वर केला. वर्गात व्हावी तशी शांतता झाली. त्या कानसेनांच्या अगदी समोर आल्या.

“इतकी वर्षं समजलं नाही ते आता कसं समजलं?”

हाच तो प्रश्न. लेक भिंतीशी उभी होती. तिने हळूच मान हलवली. हो की नाही, ते कानसेनांना कळलं नाही.

“बाई, मला ऐकू येत नाही,” ते म्हणाले. “दोन वर्षं झाली. आता मी दातांनी ऐकतो. दातांना जिथे टेकवलं तिथलंच कळतं, म्हणून सापडलं.”

खोलीत जाळी तेवढी वाजत होती. साहेब स्टुलावर बसले. “म्हणजे दोन वर्षं आमची तपासणी बहिऱ्या माणसाने केली?” ते स्वतःशीच म्हणाले. “आज दुपारपासून घरी बसा, कानसेन.”

“थांबा जरा,” अध्यक्षाबाई साहेबांना म्हणाल्या. “नीट बघू. यांना ऐकू येत होतं तेव्हा यांनी चुकीचं लिहिलं. बरोबर?”

“हो.”

“ऐकू येईनासं झालं तेव्हा बरोबर सांगितलं. आणि तेही स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेऊन. बरोबर?”

“हो, पण...”

“मग काढायचं असेल तर तेव्हाच्या यांना काढा. आताच्या यांना कशाला?”

खरेदीवाल्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि पेनाला टोपण लावलं. पण ते गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. “टिकेचं राहू द्या. आठ हजार गाड्यांसाठी इंजिनाचा कारखाना परवडतो का, हा प्रश्न आहे तसाच आहे.”

“आहे,” बाई म्हणाल्या. “तो मला कळतही नाही. पण ज्यांना दुसऱ्याचं इंजिन तेहतीस वर्षं उघडून बघता आलं नाही, त्यांनी निदान एक तरी असं करावं जे उघडता येतं. आधी हजार करा. त्यात काय बिघडतं ते बघा. मग पुन्हा भांडा.”

तसा ठराव झाला. त्याच्या शेवटी एक अट होती: जुनं पत्रक रद्द; देशी इंजिनासाठी नवं पत्रक कानसेनांनी लिहावं, दातांनी ऐकून, शुक्रवारपर्यंत.

अठ्ठावीस तारखेला, शुक्रवारी सकाळी दहा वाजता, बापलेक कोठारात स्टुलांवर समोरासमोर बसले. इंजिन मंद चाललं होतं. बायकोही आली होती, नवरा लिहिताना पुन्हा घोटाळा करू नये म्हणून. दाराशी साहेब ताटकळत होते. बाराच्या आत कागद छापखान्यात जायचा होता.

कानसेन पेचकस टेकवत, सांगत, आणि लेक लिहून घेई. पहिल्या तीन ओळी झाल्या. मग त्यांनी टोक इंजिनाच्या डाव्या बाजूला टेकवलं आणि बराच वेळ हलले नाहीत.

“काय आहे?” लेकीने विचारलं.

त्यांनी पेचकस तोंडातून काढला. “बारीक घरघर आहे. तिसऱ्या सिलिंडरपाशी. तुला ऐकू येते?”

लेकीने कान लावला. “नाही. पण तिथे एक नट मी मनासारखा बसवलेला नाही, हे खरं. त्याने काही बिघडत नाही, बाबा. दोनशे तास चाललंय.”

“लिहू का मग? जे ऐकू येतं ते लिहायचं असतं.”

लेकीची पेन्सिल कागदावर टेकली. मग ती एकदम ताठ झाली. “लिहू नका! लिहिलंत तर हजारच्या हजार इंजिनांना कायद्याने घरघर करावी लागेल.”

“आणि नाही लिहिलं तर?”

“तर ती लपवल्यासारखी होईल.”

बायकोने आळीपाळीने दोघांकडे पाहिलं. “तेहतीस आणि अकरा, चव्वेचाळीस वर्षांचा अनुभव बसलाय इथे,” ती म्हणाली, “आणि नट कुणी घट्ट करत नाही.”

लेकीने इंजिन बंद केलं. चौथी ओळ कोरी ठेवून कानसेनांनी कागद बायकोकडे धरायला दिला आणि पान्ह्यांच्या पेटीशी वाकून चौदा नंबरचा पान्हा काढला.

साहेबांनी दारातून विचारलं, “अजून किती वेळ?”

कानसेनांना ते ऐकू आलं नाही. लेकीला आलं होतं, पण तिचा एक हात कोपरापर्यंत इंजिनात होता, आणि दुसऱ्याचा पंजा बापासमोर पसरून तिने पान्हा मागितला.